मुंबईत नर्सिंगची पदवी: बारावीनंतर बीएस्सी, मग एमएस्सी, मग पीएचडी

बारावीचा निकाल लागला की नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसबाहेर पालकांची गर्दी होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, फी किती? दुसरा, हॉस्टेल आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मुलगी किंवा मुलगा पुढे कशा दर्जाची नर्स होणार हे ज्यावर ठरतं, ते फार कमी जण विचारतात: विद्यार्थ्यांना कोणत्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पाठवता, आणि तिथे एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला पेशंट किती येतात? नर्सिंग वर्गात अर्धंच शिकता येतं. उरलेलं अर्धं पेशंटच्या खाटेशी उभं राहून हाताला शिकावं लागतं. मी नर्सिंग शिकवते आणि रोज वॉर्डात विद्यार्थ्यांबरोबर असते, म्हणून सगळा लेख याच नजरेने लिहिते आहे.

आधी अभ्यासक्रमांची नीट ओळख

एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, ही तीन वर्षांची पदविका, त्यात शेवटची इंटर्नशिप धरलेली आहे. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठाची पदवी. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांत पदवी मिळवून देणारा अभ्यासक्रम म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी. पदवीनंतर दोन वर्षांची एमएस्सी आणि त्यानंतर पीएचडी. याशिवाय रजिस्टर्ड नर्सेससाठी एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविका असतात: क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी, नवजात शिशू, ऑपरेशन रूम, मानसिक आरोग्य वगैरे. ज्यांना शिकवण्यापेक्षा वॉर्डातच एखाद्या विषयात मुरायचं आहे त्यांच्यासाठी या पदविका फार उपयोगी आहेत. परळच्या टाटा मेमोरियलची ऑन्कोलॉजी नर्सिंगची पदविका हे त्याचं मुंबईतलं उत्तम उदाहरण.

जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्रात राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. पदवी मात्र विद्यापीठ देतं, आणि नोकरी, बढती, परदेश या तिन्ही ठिकाणी हा फरक पुढे जाणवतो. मध्यंतरी जीएनएम बंद होणार अशी जोरदार चर्चा होती. ते बंद झालेलं नाही, पण सगळ्या व्यवस्थेचा कल पदवीकडे आहे हे उघड आहे. दिल्लीच्या एम्सची नॉर्सेट परीक्षा पाहा. बीएस्सी झालेल्याला नर्सिंग ऑफिसर पदासाठी थेट अर्ज करता येतो, जीएनएम झालेल्याला मात्र किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

म्हणून जीएनएम कमी दर्जाचं, असं मी अजिबात म्हणणार नाही. वर्षांचा हिशेब करून पाहा. बीएस्सीची चार, त्यानंतर अनुभवाचं एक आणि एमएस्सीची दोन, म्हणजे सात वर्षं. जीएनएमची तीन, नोकरीचं एक, पोस्ट बेसिकची दोन आणि एमएस्सीची दोन, म्हणजे आठ. फरक एका वर्षाचा, आणि त्या वाटेवर मधल्या काळात घरात पगार येतो. ज्या घराला मुलीच्या कमाईची लवकर गरज आहे, तिथे जीएनएमने सुरुवात करणं हा पूर्ण विचारांती घेतलेला चांगला निर्णय असू शकतो. अट एकच: तीन वर्षांनंतर थांबायचं नाही हे मनात पक्कं असावं.

बारावीचे विषय पाहा

बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवेत, आणि खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण. मागास प्रवर्गांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती बायोलॉजीवर. अकरावीला गणित घेऊन बायोलॉजी सोडलेली मुलं बीएस्सीला पात्र ठरत नाहीत, आणि हे त्यांना बारावीच्या निकालानंतर कळतं. तुमची मुलगी आत्ता दहावीत असेल आणि नर्सिंगचा विचार घरात चालू असेल, तर अकरावीचा फॉर्म भरतानाच बायोलॉजी घ्या.

जीएनएमला कला किंवा वाणिज्य शाखाही चालते. बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के हवेत. त्यामुळे कलाशाखेची मुलगीसुद्धा जीएनएम, पोस्ट बेसिक, एमएस्सी करत प्राध्यापक होऊ शकते.

सीईटीची तयारी

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. परीक्षा कॉम्प्युटरवर होते. गुण १०० आणि विभागणी सरळ: फिजिक्स २०, केमिस्ट्री २०, बायोलॉजी २०, इंग्रजी २० आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड २०. नीटची तयारी केलेल्या मुलांना पहिले तीन भाग जड जात नाहीत. ती मागे पडतात इंग्रजीत आणि अॅप्टिट्यूडमध्ये, कारण त्याकडे बघितलेलंच नसतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज एक इंग्रजी उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले आणि व्याकरणाचे नेहमीचे प्रकार पक्के केले, तर या २० गुणांत मोठी मजल मारता येते. ही मेहनत वायाही जात नाही, पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी हा विषय आहेच आणि पेशंटच्या सगळ्या नोंदी इंग्रजीत लिहायच्या असतात.

सीईटीचे फॉर्म बारावीच्या परीक्षेआधीच निघतात, साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान. निकालानंतर बघू म्हणणाऱ्यांचं पूर्ण वर्ष जातं. परीक्षेनंतर ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि मग कॅप राउंड, म्हणजे राज्याची केंद्रीय प्रवेश फेरी, असा क्रम असतो. पसंतीक्रम भरताना आपल्याला खरंच आवडतील ती कॉलेजं वर ठेवा. ‘हे मिळणार नाही’ असं गृहीत धरून चांगलं कॉलेज खाली ढकलू नका.

कागदांचं म्हणाल तर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला सगळ्यांनाच लागतात. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर. आर्थिक दुर्बल घटकासाठी त्याचं वेगळं प्रमाणपत्र. यातलं जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत जास्त वेळ खातं. ते अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करून मागवावं. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

मुंबईत शिकायचं कुठे

इथे विद्यापीठांचे तीन-चार प्रकार आहेत आणि पालकांचा त्यात हमखास घोळ होतो. राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. कॉलेज मुंबईत असलं तरी पदवीवर नाव नाशिकच्या विद्यापीठाचं येतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. भायखळ्याला जेजे हॉस्पिटलच्या आवारातली इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन ही सरकारी संस्था याच गटात मोडते. सरकारी फी आणि जेजेचे वॉर्ड, त्यामुळे गुणवत्ता यादीत वर असलेली मुलं ती आधी उचलतात.

चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये उभं केलेलं हे विद्यापीठ, आणि त्याचं नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये सुरू झालं. दिल्ली आणि वेल्लोरला देशातली पहिली नर्सिंग पदवी १९४६ मध्ये सुरू झाली होती हे लक्षात घेतलं, म्हणजे मुंबईने पदवीच्या नर्सिंगचं महत्त्व किती लवकर ओळखलं ते कळतं. हे कॉलेज फक्त मुलींसाठी आहे आणि पदवीच्या पुढचं शिक्षणही तिथे आहे. विद्यापीठ वेगळं असल्यामुळे त्यांच्या प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे वाचा.

बॉम्बे हॉस्पिटल, माहीमचं हिंदुजा अशा मोठ्या खासगी हॉस्पिटलांची स्वतःची नर्सिंग कॉलेजं आहेत. तिथे अद्ययावत आयसीयू आणि यंत्रं पाहायला मिळतात आणि पुढे त्याच हॉस्पिटलमध्ये नोकरीची शक्यता असते. नवी मुंबईत डी. वाय. पाटील आणि एमजीएम ही अभिमत विद्यापीठं आहेत. त्यांची फी जास्त असते, शिवाय सरकारी फी माफीच्या योजना अभिमत विद्यापीठांना सहसा लागू होत नाहीत. हे आधी विचारून घ्या. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या हॉस्पिटलांची नर्सिंग स्कूल्स जीएनएमसाठी नावाजलेली आहेत. इतके आणि इतक्या प्रकारचे पेशंट फार कमी ठिकाणी बघायला मिळतात.

एक वाट मुंबईच्या मुलींना अनेकदा माहीतच नसते. कुलाब्याला नौदलाचं आयएनएचएस अश्विनी हॉस्पिटल आहे आणि त्याचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज आहे. तिथला प्रवेश मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमार्फत होतो. फक्त अविवाहित मुलींसाठी, नीटच्या गुणांवर पहिली निवड, मग बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शिक्षणानंतर सैन्यदलात अधिकारी म्हणून कमिशन मिळतं आणि सेवेचा करार पाळावा लागतो. नीट देणाऱ्या मुलींनी हा पर्याय नजरेआड करू नये. बारावीच्या अटी इथे अधिक कडक आहेत, तेव्हा जाहिरात शब्द न् शब्द वाचा.

कॉलेज तपासताना

आता मूळ मुद्दा. कॉलेजच्या मान्यता दोन पातळ्यांवर बघायच्या: महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजे एमएनसी, आणि भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे आयएनसी. शिवाय विद्यापीठाची संलग्नता. तिन्ही चालू वर्षाच्या हव्यात. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं जुनं पत्र कामाचं नाही. परिषदांच्या संकेतस्थळांवर कॉलेजांच्या याद्या असतात, त्यात कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम आणि जागांची संख्या स्वतः पाहा. बीएस्सीला मान्यता आहे म्हणजे एमएस्सीलाही असेल असं धरून चालू नका, प्रत्येक अभ्यासक्रमाची मान्यता वेगळी असते. दर्जावर देखरेख ठेवणारी रचनाही बदलते आहे. आयएनसी १९४७ च्या कायद्याने आली, आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी नियम कोणाचा लागू आहे तेही बघून घ्या.

मग हॉस्पिटल. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत, असा आयएनसीचा निकष आहे. कागदावर तो बहुतेक जण पाळतात. तुम्ही मात्र त्या हॉस्पिटलमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला एक फेरी मारा. वॉर्डात निम्म्या खाटा रिकाम्या असतील तर शिकणार कुणाकडून? लेबर रूम चालू आहे का, बाळंतपणं रोज होतात का, लहान मुलांचा वॉर्ड आहे का, हे विचारा. मिडवाइफरीच्या, म्हणजे प्रसूतिविद्येच्या, केस बुकात विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या तपासण्या आणि बाळंतपणं लिहायची असतात. जिथे बाळंतपणंच कमी, तिथे एका बाळंतिणीभोवती आठ-दहा विद्यार्थी उभे राहतात, हात एकाचाच लागतो आणि केस मात्र सगळ्यांच्या वहीत जाते. अशी नर्स पुढे रात्री दोन वाजता एकटी लेबर रूममध्ये उभी राहील तेव्हा काय होईल, याचा विचार आज करायला हवा.

सगळं एकाच हॉस्पिटलमध्ये मिळत नाही, म्हणून कॉलेजं बाहेर पोस्टिंग देतात. मानसिक आरोग्यासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, साथीच्या आजारांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा, क्षयासाठी शिवडी, लहान मुलांसाठी परळचं वाडिया: मुंबईत शिकण्याचं हे भाग्य आहे की या सगळ्या जागा लोकलच्या अंतरावर आहेत. कम्युनिटी पोस्टिंगचंही तसंच. धारावीत सायन हॉस्पिटलचं नागरी आरोग्य केंद्र आहे, सगळे त्याला छोटं सायन म्हणतात. अशा वस्तीत घरोघर फिरून गरोदर बायकांची, क्षयाच्या औषधांची, बाळांच्या लसींची नोंद घेतलेल्या विद्यार्थिनीला सार्वजनिक आरोग्य पुस्तकातून समजावून द्यावं लागत नाही. तुमच्या कॉलेजचे करार कोणत्या हॉस्पिटलांशी आहेत, पोस्टिंग किती आठवड्यांचं असतं आणि तिथे शिकवायला कॉलेजचे शिक्षक सोबत जातात का, हे विचारायला संकोचू नका.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गेटवर गाठून बोला. त्यांना दोनच गोष्टी विचारा: वॉर्डात शिकवायला रोज कोण येतं, आणि स्किल लॅब, म्हणजे पेशंटआधी पुतळ्यांवर सराव करायची खोली, उघडी असते की कुलूपबंद? दहा मिनिटांत कॉलेज कळतं. कुणी मूळ कागदपत्रं चार वर्षं आपल्याकडे ठेवून घेऊ असं म्हणत असेल, तर पडताळणी झाली की ती परत मागा. नोकरीचा बाँड असेल तर त्याच्या अटी प्रवेशाआधी लेखी घ्या.

फी आणि शिष्यवृत्ती

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतं. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघा. लायब्ररी, गणवेश, विकास निधी अशा नावांखाली वेगळी रक्कम मागितली तर पावती मागा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने एक मोठी गोष्ट झाली आहे. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा, संस्थास्तरावरच्या जागेवरून नको. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या योजना आधीपासून आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो आणि दर वर्षी नव्याने करावा लागतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं की पैसे अडकतात, म्हणून ते काम प्रवेशाच्याच आठवड्यात उरकून टाका.

चार वर्षांत नेमकं काय होतं

नवा अभ्यासक्रम आयएनसीने २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला. आठ सेमिस्टर, क्रेडिट पद्धत. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण, बायोकेमिस्ट्री आणि या सगळ्यांच्या मधोमध नर्सिंग फाउंडेशन. दुसऱ्या वर्षी मायक्रोबायोलॉजी आणि संसर्ग नियंत्रण, फार्माकोलॉजी, पॅथॉलॉजी आणि अॅडल्ट हेल्थ. तिसऱ्या वर्षी बालआरोग्य, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, नर्सिंग व्यवस्थापन, आणि फॉरेन्सिक नर्सिंग व भारतीय कायद्यांची ओळख. याच वर्षाच्या शेवटी मिडवाइफरी सुरू होते आणि चौथ्या वर्षात संपते. सातव्या सेमिस्टरला संशोधन आणि संख्याशास्त्र. आठवं सेमिस्टर संपूर्ण इंटर्नशिपचं. पेशंटच्या औषधांचा विचार कसा करायचा आणि शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची शुश्रूषा कशी करायची, यासाठी स्वतंत्र मोड्यूल आहेत, ही या अभ्यासक्रमातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी भर. समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठीचं प्रशिक्षणही त्यातच गुंफलेलं आहे.

उत्तीर्ण व्हायला सहसा ५० टक्के लागतात, परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी मात्र १०० टक्के. आजारपण, लग्नकार्य, लोकल बंद, कोणतंही कारण असो, बुडलेली क्लिनिकल ड्यूटी भरून काढावीच लागते.

ही १०० टक्क्यांची अट काही मुलांना जाचक वाटते. एका सकाळच्या हँडओव्हरला उभं राहिलं की तिचं कारण कळतं. रात्रपाळीची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून सांगत जाते: कालचं ऑपरेशन, ड्रेनमध्ये रात्रभरात किती आलं, लघवी किती झाली, सलाइनची ही बाटली कितीला संपेल, सहाचं अँटिबायोटिक दिलं, आठचं राहिलं आहे. दिवसपाळीची सिस्टर ऐकता ऐकता पांघरूण जरा बाजूला करून ड्रेसिंग पाहते, कॅन्युलाच्या जागी लाली आली आहे का ते बोटाने चाचपते, पेशंटला नावाने हाक मारते आणि तो कसं उत्तर देतो ते ऐकते. पहिल्या वर्षाची मुलगी फक्त आकडे लिहून घेते. तिसऱ्या वर्षाची मुलगी आकडे लिहिता लिहिता पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायला लागलेली असते. हा बदल व्हायला वॉर्डातले शेकडो तास लागतात आणि त्याला दुसरा मार्ग नाही.

मुंबईत राहून शिकणाऱ्यांना प्रवासाचा विचार करावाच लागतो. सकाळची ड्यूटी सातच्या आसपास सुरू होते. बदलापूर किंवा विरारहून रोज येणारी मुलगी पहाटे चारला उठते, दुपारी वर्ग करते आणि घरी जाऊन केअर प्लॅन लिहिते. असं शिकलेल्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत, पण पहिली दोन वर्षं तरी हॉस्टेल मिळत असेल तर घ्या असंच मी सांगेन. मराठी येणं ही या शहराच्या सरकारी हॉस्पिटलांत मोठी ताकद आहे. पेशंट आपल्या बोलीत ‘छातीत भरून आल्यासारखं वाटतंय’ किंवा ‘पोटात कळ मारतेय’ म्हणतो, तेव्हा ते त्याच क्षणी कळणारी नर्स त्याला हवी असते.

आणखी एक, पहिल्या सेमिस्टरपासून गुणांकडे लक्ष द्या. एमएस्सीला पदवीचे एकूण ५५ टक्के मागतात. पहिल्या वर्षी नुसतं पास होऊन पुढे गेलेल्यांना ही अट चौथ्या वर्षी आठवते.

पदवीनंतर लगेच: नोंदणी

पदवी मिळाली म्हणजे काम करायची परवानगी मिळाली, असं नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावरच तुम्ही रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. जीएनएमला असताना नोंदणी झालेली असेल तर पोस्ट बेसिकनंतर वाढीव पात्रता नोंदवून घ्या, नाहीतर बढतीच्या वेळी कागद कमी पडतो. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं आणि त्यासाठी सीएनई, म्हणजे सतत शिक्षणाच्या कार्यक्रमांचे तास दाखवायचे. प्रमाणपत्रं जपून ठेवा. परराज्यात नोकरी लागली तर तिथल्या परिषदेत नोंदणी लागते.

सरकारी नोकरीत सुरुवात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून होते, पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. शिक्षणाच्या बाजूला पाठ्यनिर्देशिका. मुलग्यांनाही या वाटा खुल्या आहेत, वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून त्यांची वाट बघणारे पेशंट मी रोज पाहते. एम्समध्ये मात्र नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत, मुलग्यांनी हे गणित धरून तयारी करावी.

एमएस्सीला जाताना

एमएस्सीसाठी बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिकवाल्यांना हा अनुभव त्या अभ्यासक्रमाच्या आधीचा किंवा नंतरचा, कोणताही चालतो. माझं मत विचाराल तर एका वर्षावर थांबू नका, दोन-तीन वर्षं वॉर्डात काढा. शाखा मुख्यतः पाच आहेत: मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि कम्युनिटी. मेडिकल-सर्जिकलच्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग, क्रिटिकल केअर अशा उपशाखा येतात. बहुतेकांचा ओढा मेडिकल-सर्जिकलकडे असतो. मानसिक आरोग्याकडे फार कमी जण वळतात, आणि शहरात त्याची गरज तर रोज वाढताना दिसते. ज्यांना माणसांशी बोलण्यात, ऐकून घेण्यात मन रमतं त्यांनी ही शाखा मनापासून विचारात घ्यावी.

दोन वर्षांत सगळ्यात जास्त दमवतो तो प्रबंध. विषय मंजुरी, एथिक्स कमिटीची परवानगी, हॉस्पिटलची परवानगी, माहिती गोळा करणं, संख्याशास्त्र, लेखन, असा तो लांबत जातो. विषय तुमच्या रोजच्या वॉर्डातला निवडा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या जखमा, कॅन्युलामुळे शिरेला येणारी सूज, पहिलटकरणींचं स्तनपान, असे विषय साधे वाटतात, पण त्यांचं उत्तर लगेच कामाला येतं. एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या वर्षातच द्या. कमिटीची बैठक पुढे गेली की सगळं वेळापत्रक घसरतं.

शिकवायचं नसेल आणि आयसीयूतच राहायचं असेल, तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे हॉस्पिटलमध्ये काम करत शिकण्याचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, शक्यतो क्रिटिकल केअरमधला. प्रवेश घेण्याआधी त्या हॉस्पिटलमध्ये पदवीनंतर या पदनामाने जागा आहे का, ते विचारून घ्या.

शिकवण्याकडे वळणाऱ्यांसाठी आयएनसीचे निकष असे: सहायक प्राध्यापकाला एमएस्सी आणि तीन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, सहयोगी प्राध्यापकाला एकूण आठ वर्षं आणि त्यात पाच अध्यापनाची, तर प्राचार्यपदासाठी एकूण पंधरा वर्षांचा अनुभव. त्यामुळे प्रत्येक नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला तारखांसकट घ्या.

पीएचडी

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात आणि एसएनडीटीत पीएचडीची सोय आहे. याशिवाय आयएनसीने २००६ मध्ये सुरू केलेलं नर्सिंग पीएचडीचं राष्ट्रीय कन्सॉर्शियम, म्हणजे संस्थांचा संयुक्त गट, आहे, त्याची पदवी बंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. नोकरी करत पीएचडी करणाऱ्यांनी गाइड ठरवताना त्यांच्याकडे आत्ता किती विद्यार्थी आहेत आणि आधीचे किती जण पूर्ण करून गेले ते विचारावं. एम.फिल. आता बंद झाली आहे, कुणी तिच्या जागा भरत असेल तर तिकडे वळू नका.

परदेशाचा विचार असेल तर

अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, ब्रिटनसाठी कॉम्प्युटरवरची चाचणी आणि तिथे जाऊन ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, आखाती देशांसाठी त्या त्या देशाच्या परवाना परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषेची बी-टू पातळी. ब्रिटनला इंग्रजीची आयएल्ट्स किंवा ओईटीही लागते. या सगळ्यांना एक गोष्ट समान लागते: कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, ज्यात प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास लिहिलेले असतात, आणि परिषदेकडून नोंदणीची पडताळणी. पदवी घेऊन बाहेर पडतानाच ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती काढून ठेवा. अभ्यासक्रमाची प्रत आणि केस बुकांच्या सह्या असलेल्या पानांच्या झेरॉक्सही त्याच फाइलमध्ये ठेवा. नाव लग्नानंतर बदललं असेल तर राजपत्रातल्या नोंदीची प्रतही त्यातच लावा, कारण पदवी, नोंदणी आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव जुळलं नाही तर फाइल परत येते.